लेकरांसाठी टेबल टेनिसचं ब्लेड घेताना

धान विकून झाल्यावर केशोरीतले एक पालक आमच्याकडे आले. मुलगी सातवीत, शाळेच्या टेबलावर रोज खेळणारी. "सर, कार्बनवाली बॅट सगळ्यात भारी म्हणतात. तीच घेऊ का?" लेकीच्या खेळासाठी बापाने हात सैल सोडला, याचा आम्हाला आनंद झाला. तरी आम्ही नको म्हणालो. कारण ही चूक आम्ही स्वतः केलेली होती. पूर्वी एका विद्यार्थ्याला आम्हीच कार्बनचं ब्लेड घ्यायला लावलं. त्याचे चेंडू टेबलाबाहेर जाऊ लागले आणि दोन महिन्यांत पोराने मोकळेपणाने हात फिरवणंच सोडलं.

ब्लेड म्हणजे बॅटची मुठीसकट लाकडी फळी. तिच्यावर चिकटवलेलं रबर झिजलं की बदलतात. ब्लेड मात्र वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून आधी ब्लेड नीट निवडावं. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून ते बनतं. नियमाप्रमाणे जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा; उरलेल्यात कार्बनचे थर चालतात. कार्बनमुळे फळी कडक होते आणि चेंडू झटकन सुटतो. तयार खेळाडूला ते हवं असतं, शिकणाऱ्याला नाही.

लूप म्हणजे चेंडूला खालून वर घासत, पुढे फिरकी देऊन मारलेला फटका. फिरकीमुळे चेंडू जाळीवरून उंच जाऊनही टेबलावर उतरतो. त्यासाठी तो रबरावर किंचित जास्त रेंगाळावा लागतो. पाच थरांचं, निव्वळ लाकडाचं, जरा लवचीक ब्लेड ही सवड देतं. वरचा थर लिंबा या आफ्रिकी लाकडाचा असेल तर उत्तम. आपल्या कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही. सात थरांचं ब्लेड बहुधा जास्त कडक आणि वेगवान असतं.

साधनाने खेळ बदलतो, हे मुंबईने १९५२ साली पाहिलं. तिथल्या जागतिक स्पर्धेत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरले. चेंडूचा आवाजच येईना, भलेभले गोंधळले आणि सातो विजेते झाले. पुढे स्पंज सगळ्यांच्याच हाती आला, १९५९ मध्ये त्याच्या जाडीवर मर्यादाही आली. मग पुन्हा सरावच मोठा ठरला.

दुकानात 'ऑल' किंवा 'ऑल प्लस' लिहिलेलं ब्लेड मागावं. 'ऑफ' म्हणजे वेगवान. वजन ८५ ग्रॅमच्या आसपास असावं, लहान हाताला थोडं कमी. मूठ लेकराच्या हातात देऊनच पाहावी. रबराचा स्पंज १.८ ते २ मिलिमीटर पुरे. वेगाचे आणि कंट्रोलचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने छापते, त्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नये.

त्या पालकांनी पाच थरांचं ब्लेड घेतलं. उरलेल्या पैशांत दोन डझन चेंडू आले. आता मुलगी शाळा सुटल्यावर तासभर लूपच मारत असते. काही चेंडू अजून जाळीत अडकतात; पण हात आखडत नाही.