लोकरीचा स्वेटर घरी धुताना

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासाघीस यांमुळे ते एकमेकांत अडकतात. स्वेटर आटतो, नमद्यासारखा घट्ट होतो. म्हणून पाणी फार तर ३० अंश सेल्सिअस, आणि ब्रश अजिबात नको.

लोकर म्हणजे केराटिन, एक प्रथिन. काही डिटर्जंट पावडरींमधली प्रोटीएज विकरं प्रथिनंच तोडतात. त्यापेक्षा रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रवसाबण बरा. स्वेटर उलटा करून हलक्या हाताने दाबत धुवावा.

पिळू मात्र नये! कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची एकत्र गुंडाळी करावी आणि दाबावी. पाणी टॉवेल शोषून घेतो. मग सावलीत आडवा वाळवावा. दोरीवर टांगला, तर पाण्याच्या वजनाने बाह्या लांबतात.

कपाटात ठेवण्याआधी स्वेटर धुऊन खडखडीत वाळलेला हवा. घामाचे, अन्नाचे डाग राहिलेल्या लोकरीला कसर लवकर लागते.