हेल्मेट घेताना माप पाहा

फजरनंतर स्कूटरवर माल लादून बाजार गाठणारे आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव हेल्मेट हँडललाच अडकवतात. ते डोक्यावर हवे. खरेदी करताना आम्ही तीन गोष्टी सुचवतो. एक, आयएसआय खूण व आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा; १ जून २०२१ पासून याविना विक्रीस मनाई आहे. दोन, पट्टा बांधून डोके हलवावे; हेल्मेट फिरू नये. जाड टोपीवर ते नीट बसत नाही, टोपी खिशात ठेवावी. तीन, आतील थर्मोकोल धक्का झेलताना चेपतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून वापरलेले हेल्मेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. जीव अल्लाहची अमानत आहे. घरची रोजीही त्यावरच चालते.