गवतकापणी यंत्राचे गंजून धरलेले भाग कसे सोडवावेत

शेतकीचें यंत्र चालून जितकें झिजतें, त्याहून अधिक तें पावसाळाभर उभें राहून खराब होतें, असा बहुतेकांचा अनुभव आहे. आश्विन संपत आला, कुरणांत गवत कापणीस आलें, म्हणून ट्रॅक्टरचें गवतकापणी यंत्र पडवींतून बाहेर काढावें, तों पात्याचा बोल्ट फिरत नाहीं, नट हलत नाहीं, पीटीओचा दांडा आंतबाहेर सरकत नाहीं. गवतानें बीं धरलें म्हणजे त्याचा कस दिवसेंदिवस उतरतो. म्हणून मनुष्य घाईस येतो, आणि जें काम तेलानें व धीरानें व्हावयाचें तें घणानें करूं पहातो. या घाईची किंमत आमच्या घरानें दिली आहे, म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या दोन फिरक्यांच्या यंत्राचीं पातीं बदलावयाचीं होतीं. एका फिरकीचा बोल्ट सहज सुटला. दुसरीचा जागचा हलेना. पुतण्यानें पान्याच्या दांडीवर चार फुटी नळी चढविली व विचारलें, “काका, आणखी जोर करूं का?” मीं “कर” म्हटलें. बोल्ट मुळाशीं तुटला, पाना निसटला आणि मुलाचा हात पात्याच्या धारेवर आपटला. पांच टांके पडले. तुटलेला खुंट काढण्यांत चार दिवस गेले, व तेवढ्यांत अवेळीं आलेल्या पावसानें उभें गवत लोळविलें. पुढें माहितीपुस्तिका उघडून पाहिली, तों दुसऱ्या फिरकीची गति पहिलीच्या उलट असल्यामुळें तिच्या बोल्टाचे आटे डावे होते. सोडवितों अशा समजुतीनें आम्ही तो बोल्ट आवळीत होतों. पुस्तिका सबंध वेळ माळ्यावर पडून होती.

भाग गंजून धरतो म्हणजे काय होतें, हें प्रथम समजून घ्यावें. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. तो मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील बारीक फटींत ही फुगलेली पूड दाटून बसली म्हणजे पाचर मारल्यासारखें होतें. हिरव्या गवताचा रस, माती व खतांतील क्षार ओल धरून ठेवितात, त्यामुळें गंज लवकर चढतो. तेव्हां आपणांस ही पाचर ढिली करावयाची आहे, हें ध्यानांत ठेवून कामास लागावें.

बैलांनीं किंवा घोड्यांनीं ओढावयाच्या जुन्या यंत्रांत सुरीस गति जमिनीवर फिरणाऱ्या चाकाकडून मिळे. कांहीं अडकलें कीं चाक घसरे व जनावर थांबे. १९१८ च्या सुमारास अमेरिकेंत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें इंजिनाची शक्ति दांड्यावाटे थेट औजारास देण्याची सोय आपल्या ट्रॅक्टरांत आणली. आज पीटीओची सर्वसाधारण गति मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे आहे. इंजिन जनावरासारखें उमजून थांबत नाहीं; एक भाग धरलेला असेल तर दुसरा मोडतो. म्हणून धरलेला भाग तसाच दामटणें सर्वांत महाग पडतें.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी व पीटीओचा दांडा ट्रॅक्टरपासून सोडावा. हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखालीं कोणीही शिरूं नये. भक्कम लांकडी ठोकळे देऊन यंत्र त्यांवर टेकवावें. डोळ्यांस चष्मा व हातांत जाड मोजे असावेत. मग पुढील क्रमानें काम करावें.

१. तारेच्या ब्रशानें बाहेरचा गंज व माती काढावी. पुस्तिका व बोल्टाचें उघडें टोंक पाहून आटे उजवे कीं डावे याची खात्री करावी.

२. गंज सोडविण्याचें पातळ तेल दोन्ही टोंकांकडून सोडावें. तें न मिळाल्यास डिझेलांत थोडें इंजिनाचें तेल मिसळून चालतें. मात्र वेळ अधिक लागतो. फटींत तेल आपोआप ओढलें जातें, परंतु सावकाश. म्हणून संध्याकाळीं तेल द्यावें, निजण्यापूर्वीं पुन्हां द्यावें व सकाळीं पाना लावावा.

३. मधून मधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके, जलद ठोके द्यावेत. नटाच्या बाजूवर ठोकतांना पलीकडून जड हातोडा टेकवावा. कठीण पात्यावर हातोडी मारूं नये. ढलपी उडून डोळा जाण्याचें भय असतें.

४. पाना सहा कोनी, बंद तोंडाचा व नेमक्या मापाचा घ्यावा. उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोन झिजवितो. पहिला जोर अगदीं थोडा, आवळण्याकडे द्यावा, नंतर सोडण्याकडे. पाव फेरा सुटला कीं तेल देऊन थोडा मागें न्यावा, व असें पुढेंमागें करीत बाहेर आणावा. बोल्ट तुटण्यापूर्वीं पीळ खाऊन नरम लागतो. तो नरमपणा सुटण्याचा समजूं नये. तेथेंच थांबावें.

५. एवढ्यानें न सुटल्यास उष्णता द्यावी. पोलाद तापविलें असतां दर अंश सेंटिग्रेडला दहा लाखांत सुमारें १२ भाग वाढतें. २० मिलिमीटरचा नट २०० अंशांनीं तापला तर त्याचें भोक सुमारें ०.०५ मिलिमीटर मोठें होतें, व तेवढी फट पुरते. म्हणून ज्योत नटावर धरावी, बोल्टावर धरूं नये. गरम नटाशीं मेणबत्ती टेकविली म्हणजे मेण पातळ होऊन आट्यांत शिरतें. ज्योत पेटविण्यापूर्वीं सांडलेलें तेल पुसावें, वाळलें गवत दूर करावें व वाळूची बादली जवळ ठेवावी. पातें, तेल-सील, बेअरिंग व हायड्रॉलिकच्या नळ्या यांस ज्योत लावूं नये. तापल्यानें पात्याचें पाणी उतरतें. जस्ताचा मुलामा दिलेल्या भागासही लावूं नये, कारण जस्ताचा धूर बाधतो.

६. तरीही न सुटल्यास नट छिन्नीनें चिरून टाकावा; नवा नट थोडक्यांत मिळतो. बोल्ट तुटून आंत राहिलाच तर त्याच्या खुंटावर नट ठेवून वेल्ड करवावा. वेल्डच्या उष्णतेनें खुंटही सैल होतो. हें काम माहितगार मिस्त्रीकडेच द्यावें.

दोन भागांविषयीं वेगळें सांगावयास पाहिजे. पीटीओच्या दांड्याची आंतील नळी धरली असेल तर दांडा सोडून उभा करावा, वरून सांध्यांत तेल सोडावें व दुसऱ्या दिवशीं लांकडाच्या ठोकळ्यानें ठोकीत ओढावा. न सरकणारा दांडा तसाच जोडला तर यंत्र उचलतांना तो दोहोंकडील बेअरिंगांवर रेटा देतो.

दुसरा भाग घसरत्या क्लचचा. पातें दगडावर आदळलें असतां याच्या चकत्या घसरतात व गिअरपेटी वांचते. परंतु पावसाळ्यांत त्या एकमेकींस चिकटतात. येथें तेल कदापि घालूं नये. तेल प्यालेली चकती निकामी होते. प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून वहींत टिपावी, चकत्यांवर आडवी खडूची रेघ ओढावी व सर्व नट सारखे दोन फेरे सैल करावेत. मग दांडा जोडून, आवरणें जागेवर बसवून, सर्वांनीं दूर उभें रहावें व पीटीओ मंद गतीनें दोन-तीन सेकंद चालवावा. रेघ तुटली म्हणजे चकत्या सुटल्या असें समजावें, व इंजिन बंद करून स्प्रिंगा टिपलेल्या मापावर आणाव्यात.

नवा बोल्ट घालतांना जुन्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा जो आंकडा असेल त्याच आंकड्याचा घ्यावा. शिअर बोल्ट मुद्दाम नरम ठेवलेला असतो. त्या जागीं कठीण बोल्ट घालणें म्हणजे गिअरपेटी मोडण्याची सोय करणें होय. हंगाम संपतांच यंत्र धुवून वाळवावें, सर्व ठिकाणीं ग्रीस भरावें, उघड्या पोलादास तेलाचा हात द्यावा, आणि खतांच्या पोत्यांजवळ किंवा गोठ्याच्या ओलींत तें कधींही ठेवूं नये. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां प्रत्येक फिरता भाग हातानें फिरवून पहावा.

आमच्या पडवींत आतां ती पुस्तिका खुंटीस टांगलेली असते, व डाव्या आट्यांच्या बोल्टाशेजारीं पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला आहे. पुतण्याच्या हातावरील व्रण मात्र जावयाचा नाहीं. एक रात्र तेलास दिली असती तर चार दिवस व तें गवत वांचलें असतें. वाचकांनीं यंदा आपलें यंत्र गवत पिकण्यापूर्वीं पंधरा दिवस बाहेर काढावें, एवढीच विनंती.