जाळाविना लाल

गॅरेजमध्ये नट जाम झाला की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी पाना, मग पान्याला पाइप अडकवून जोर, मग रॉकेल, मग हातोडा आणि शेवटी गॅसचा टॉर्च. तोवर नटाचे कोपरे मरून तो गोल झालेला असतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बारा वर्षं काढलेल्या माझ्या गाडीच्या सायलेन्सरचा नट असाच इरेला पेटला होता. मिस्त्रींनी टॉर्चला हात न लावता कपाटातून ड्रिल मशीनएवढं एक यंत्र काढलं. त्याच्या तोंडाशी जाड तारेचं, तीन-चार वेढ्यांचं कडं होतं. ते नटाभोवती धरून त्यांनी बटण दाबलं. जाळ नाही, ठिणगी नाही. मी मनात वीस मोजेपर्यंत नट निखाऱ्यासारखा लाल झाला, आणि वीतभर अंतरावरचं रबर मात्र होतं तसंच राहिलं.

आणि कडं नटाला टेकलंही नव्हतं! मग उष्णता गेली कुठून?

गेलीच नाही. ती नटातच जन्मली. घरातली इंडक्शनची शेगडी आठवा: तिथेही आधी पातेलं तापतं, शेगडीची काच तापते ती पातेल्यामुळे. हे यंत्र म्हणजे तीच शेगडी, मुठीत धरायची.

याचं मूळ लंडनमध्ये, २९ ऑगस्ट १८३१ च्या एका प्रयोगात आहे. मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली, एकमेकांना न जोडता. एकात वीज सोडली तसा दुसऱ्याला जोडलेला काटा हलला आणि परत जागेवर आला. वीज बंद केली, पुन्हा हलला. वीज नुसती वाहत असताना काटा ढिम्म. म्हणजे महत्त्व होतं ते बदलाला. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच शेजारच्या धातूत वीज उमटते. म्हणून हे यंत्र बदलाचा सपाटाच लावतं. घरच्या विजेची दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते. कड्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा पालटते.

नटाला कुठलीच तार जोडलेली नसते, तेव्हा त्यात उमटलेली वीज भोवऱ्यासारखी आतल्या आत फिरते. तिला लोखंडाचा अडथळा होतो आणि त्या अडथळ्यातून उष्णता निघते. कडं तांब्याचं असतं, कारण तांबं विजेला फारसं अडवत नाही. शिवाय लोखंड पडलं चुंबकाच्या गोतातलं. दर पालटीला त्याच्यातले सूक्ष्म चुंबक तोंड फिरवतात, त्या ओढाताणीतही उष्णता निघते. ही दुसरी गंमत ७७० अंश सेल्सिअसपर्यंतच. त्यापुढे लोखंडाचं चुंबकत्वच हरपतं आणि तापण्याचा वेग आपोआप मंदावतो.

वेगाने पालटणारी वीज धातूत खोल शिरत नाही, हेही इथे कामी येतं. थंड लोखंडात ती मिलिमीटरभरही आत जात नाही. म्हणून नटाची बाहेरची कातडी आधी तापते आणि आतला बोल्ट मागे राहतो. पण नट फुगला तर भोक आवळेल ना? मलाही तसंच वाटलं होतं. उत्तर आपल्या लोहारांना फॅरेडेच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव चाकाहून किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. तापलेलं कडं फुगतं तेव्हा त्याची पोकळीही मोठी होते. नटाचंही तेच. १२ मिलिमीटरचं भोक बोल्टपेक्षा ५०० अंशांनी जास्त तापलं, तर साधारण ०.०७ मिलिमीटरने वाढेल. जेमतेम केसाची जाडी! पण गंज ज्या लोखंडापासून होतो त्याहून जास्त जागा व्यापतो, आट्यांत पाचरीसारखा घट्ट बसतो. ही पाचर तडकायला केसभर हालचालही खूप झाली. मिस्त्रींनी पाना लावला, एकदा करकर झाली आणि नट सुटला.

हे अवजार सर्वशक्तिमान नाही. ॲल्युमिनियमवर त्याची डाळ शिजत नाही. मोठ्या जाडजूड भागाला टॉर्चच बरा. पण पेट्रोलची नळी किंवा रबरी बुश जवळ असेल, तिथे जाळ नसलेली उष्णता मी तरी डोळे मिटून निवडेन.

मिस्त्रींनी तो नट परत लावला नाही, भंगाराच्या डब्यात टाकला. लाल झालेल्या पोलादाचं पाणी उतरतं, जुनी ताकद राहत नाही. तुम्हाला हा प्रकार पाहायचा असेल तर बोटातली अंगठी आधी काढून ठेवा, आणि छातीत पेसमेकर असेल तर लांबूनच पाहा.