स्पीड बोट पेट्रोल किती पिते?

बोटीचे इंधन तासावर मोजतात. रस्ता जागचा हलत नाही, म्हणून गाडीचे ॲव्हरेज लिटरमागे किलोमीटरमध्ये सांगता येते. पाणी मात्र कधी बोटीसोबत वाहते, कधी तिच्या अंगावर येते. म्हणून बोटीपुरता तासाचा हिशेब जास्त खरा ठरतो. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर दर १०० अश्वशक्तीमागे ताशी साधारण ३० ते ४० लिटर जाळते. डिझेल इंजिनाला तेवढ्याच कामासाठी २० ते २५ लिटर पुरतात.

हाच हिशेब वर चढवत नेला की आकडे झपाट्याने फुगतात. कोयनेच्या जलाशयात पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या स्पीड बोटीला ४० अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर असेल, तर ती पूर्ण वेगात ताशी १२ ते १६ लिटर पेट्रोल घेते. मार्च २०१६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटच्या शर्यती झाल्या. त्यातल्या २८ फुटी बोटींवर २५० अश्वशक्तीच्या मोटरी होत्या. अशी मोटर तासभर पूर्ण ताकदीने चालवली तर ८० ते १०० लिटर लागतात. मर्क्युरी रेसिंग कंपनीच्या १३५० अश्वशक्तीच्या इंजिनाची भूक ताशी ५०० लिटरच्या घरात जाते, आणि शर्यतीच्या मोठ्या बोटीत अशी दोन इंजिने शेजारी शेजारी बसवलेली असतात.

एवढे इंधन जाते कुठे, हे पाहिले तर चित्र निराशाजनकच आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्त भाग इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता धुरातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. दांड्यावर आलेल्या शक्तीतला मोठा वाटा पुढे पंखा नुसते पाणी घुसळण्यात घालवतो. बोट प्रत्यक्ष पुढे ढकलायला टाकीतल्या ऊर्जेचा सहावा-सातवा भाग उरतो. शिवाय एकच बोट कमी-जास्त वेगात निरनिराळे इंधन खाते. त्याचे खरे कारण इंजिनात सापडत नाही, ते बोटीच्या तळाशी सापडते.

चालणारी प्रत्येक बोट स्वतःची लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. ती बोटीच्या लांबीच्या पुढे जाऊ लागली की बोटीचे नाक एका उंचवट्यावर आणि शेपूट खळग्यात, अशी अवस्था होते. इंजिन मग बोटीला तिच्याच लाटेच्या चढावर ढकलत राहते. पाण्यात बुडालेल्या लांबीचे मीटरमधले वर्गमूळ साडेचाराने गुणले की लाट बोटीएवढी लांब होते तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. पाच मीटरच्या बोटीसाठी तो १०, तर नऊ मीटरच्या लाँचसाठी साडेतेरा. लाँच हा वेग ओलांडायच्या भानगडीत पडत नाही. स्पीड बोटीचा तळ मात्र सपाट किंवा व्ही आकाराचा असतो. पुरेशी ताकद मिळाली तर ती हा चढ ओलांडते, पाण्यावर उचलली जाते आणि घसरत पळू लागते.

मधला टप्पा सगळ्यात महागडा. दीडशे अश्वशक्तीच्या एका मध्यम बोटीचे ढोबळ आकडे घेऊ. ताशी ६ किलोमीटरला ती ३ लिटर घेते, म्हणजे किलोमीटरला अर्धा लिटर. नाक वर आणि शेपूट खाली अशा अवस्थेत १४ किलोमीटरच्या वेगाला १४ लिटर लागतात, म्हणजे किलोमीटरला पूर्ण लिटर. बोट उचलली गेली आणि ४५ च्या वेगाने धावू लागली की तासाला २५ लिटर जातात, पण किलोमीटरचा खर्च पुन्हा अर्ध्या लिटरच्या थोडा वर येतो. थ्रॉटल शेवटपर्यंत ओढून ७० गाठले तर मात्र ताशी ५७ लिटर उडतात. शेवटच्या टप्प्यात इंजिन थंड राखण्यासाठी मिश्रणात जास्त पेट्रोल सोडले जाते, त्याचीही त्यात भर असते. त्यामुळेच मोठे इंजिन म्हणजे जास्त खर्च, हे समीकरण नेहमी जुळत नाही. सतत पूर्ण थ्रॉटलवर रडणाऱ्या छोट्या मोटरीपेक्षा मध्यम थ्रॉटलवर आरामात चालणारी मोठी मोटर तेच अंतर कमी इंधनात कापू शकते.

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर लाँच आणि स्पीड बोट शेजारी शेजारी चालतात. बामणोली, तापोळा आणि अलीकडे मुनावळे ही तिथली ओळखीची ठिकाणे. वीस किलोमीटरचे अंतर धरू. २५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाची लाँच ते दीड तासात कापते आणि आठ लिटरच्या आसपास डिझेल घेते. स्पीड बोट अर्ध्या तासात पोहोचते आणि तिलाही आठ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. एकूण इंधन जवळपास सारखेच. पण लाँचमध्ये बारा माणसे बसतात, स्पीड बोटीत सहा. वाचलेल्या एका तासाची किंमत माणशी दुप्पट इंधन.

शिवसागर काठोकाठ भरला की पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंचीवर असते. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ, आणि इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच कमी. मालवणला सुरेख चालणारा पंखा तापोळ्याला जड पडतो, मोटर पूर्ण फेऱ्यांवर पोहोचत नाही आणि बोट त्या महागड्या चढावर जास्त वेळ रेंगाळते. कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर ढकलणारा पंखा हा त्यावरचा स्वस्त उपाय. कार्ब्युरेटरच्या मोटरीत तर विरळ हवेमुळे मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण वाढून ते आणखी वाया जाते.

जुन्या दोन-स्ट्रोक मोटरींचा खर्च वेगळाच. ताजे मिश्रण आत येतानाच जळका धूर बाहेर ढकलते, त्या गडबडीत चौथ्या हिश्श्याएवढे पेट्रोल न जळताच निसटते, आणि त्यात मिसळलेले ऑइलही पाण्यात उतरते. या मोटरी वजनाला हलक्या आणि दुरुस्तीला सोप्या असतात, एवढेच त्यांच्या बाजूने.

सांगलीत हा सगळा हिशेब पुराच्या पाण्यात करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा मोटर लावलेल्या रबरी बोटींनी माणसे बाहेर काढली. अशी बोट रिकामी असताना सहज उचलली जाते. माणसे भरली की उचलली जात नाही आणि पूर्ण थ्रॉटलवरही संथच चालते. शिवाय वजनाबरोबर पाण्यावरची उरलेली कडही कमी होते. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला.

प्रवाहाविरुद्ध जाताना फार हळू चालणेही महागात पडते. प्रवाह ताशी ८ किलोमीटरचा असेल आणि बोट पाण्यात १० ने चालत असेल, तर काठाच्या हिशेबाने ती तासाला फक्त २ किलोमीटर पुढे सरकते. न उचललेल्या बोटीचा इंधनखर्च वेगाच्या घनाप्रमाणे वाढतो असे धरले, तर प्रवाहाच्या दीडपट वेग, इथे १२, सगळ्यात काटकसरीचा ठरतो. त्याहून कमी वेगात वेळ वाया जातो, त्याहून जास्त वेगात पेट्रोल.

टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हा बोटवाल्यांचा प्रचलित नियम संथ पाण्यासाठी आहे. पुरात प्रवाहासोबत उतरत जाऊन माणसे घ्यायची आणि भरलेल्या बोटीने उलटे परतायचे असेल, तर परतीचा वाटा जाण्याच्या कितीतरी पट ठेवावा लागतो.