लाल टपालगाडीला नवा जन्म द्यायचा, तर आधी कागद तपासा

गिरड (जि. वर्धा), प्रतिनिधी : टपाल खात्याची जुनी लाल बंद गाडी मिळवावी, तिची डागडुजी करून आत पुस्तकांचे कप्पे बसवावेत आणि ती खेड्यातील शाळांसमोर उभी करावी, ही कल्पना मोह पाडणारी आहे. समुद्रपूर तालुक्यातील गिरडसारख्या गावात, जिथे टेकडीवरील शेख ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्यामुळे लांबून भाविक येतात, तिथे अशा फिरत्या वाचनालयाला वाचकांची उणीव भासणार नाही. मात्र हा बेत बहुधा गंजामुळे नव्हे, तर नोंदणीमुळे अडतो.

मुळात खेड्यांचा या लाल गाडीशी संबंध दुरूनच आला. मेल मोटर सेवेच्या गाड्या नागपूर, मुंबई, पुण्यासारख्या शहरांत रेल्वे स्थानक आणि टपाल कार्यालये यांच्या दरम्यान थैल्यांची ने-आण करीत. खेड्यापाड्यांत थैली अनेकदा एसटीने येई आणि पत्र सायकलवरून घरी पोहोचे. त्यामुळे गिरडसाठी गाडी हवी असली, तरी शोध नागपुरातच सुरू करावा लागेल.

शोधताना पहिला प्रश्न विचारायचा तो मालकीचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी लागतात. म्हणजे खात्याच्या आवारात धूळ खात उभी असलेली गाडी लिलावात घेऊन रस्त्यावर आणण्याचा जुना मार्ग आता खुला नाही. पूर्वीच्या लिलावात विकली गेलेली आणि खासगी नावावर रीतसर चढलेली गाडी मात्र विचारात घेता येते. तिची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि थकीत कर तपासल्याशिवाय विसार देऊ नये.

‘विंटेज’ म्हणून नोंदवून घेऊ, असे काही जण सुचवतात. त्यासाठीचे २०२१ चे नियम पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप टिकवलेल्या वाहनांना लागू आहेत. टाटा ४०७ ही गाडी बाजारात आली १९८६ साली. तिच्या अगदी पहिल्या गाड्यांचीही पन्नाशी २०३६ पूर्वी भरत नाही. शिवाय मोठे फेरफार केले, की हा मार्गच बंद होतो.

म्हणून गाडी चालती ठेवायची की एका जागी उभी करायची, हे आरंभीच ठरवावे. एखाद्या शाळेच्या आवारात कायमची उभी राहणारी गाडी निम्म्या खर्चात वाचनालय होऊ शकते, असे आमचे मत आहे. चालती ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन बदलायचे किंवा मालवाहू गाडीत आसने बसवायची, तर वर्ध्याच्या परिवहन कार्यालयाशी आधी बोलावे. विजेवर चालवण्याचा विचार असेल, तर पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेने मंजूर केलेलाच संच लागतो.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सांधा, बिजागरी आणि तारेचे छायाचित्र घ्यावे. सहा महिन्यांनी कोणता स्क्रू कुठला, हे आठवत नाही. गाडी उचलून चासी खालून तपासावी. छपराच्या पन्हळीत, दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि फळ्यांच्या तळाशी पाणी साचून पत्रा आतून कुजतो. वरच्या रंगाला फुगे दिसले, तर टोचणीने दाबून पाहावे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि तारा यांवर आधी खर्च करावा. रंग सर्वांत शेवटी. दुर्दैवाने हौशी मंडळी नेमका उलटा क्रम धरतात.

काय राखायचे याची यादी लहान असली तरी चालेल. जाळी, कड्या-कुलुपे आणि जुनी अक्षरे एवढे जपले तरी गाडीची ओळख टिकते. ब्रिटनमध्ये मॉरिस मायनरच्या जुन्या टपालगाड्या जतन करणारे हौशी लोक सुरुवातीच्या गाड्यांचे रबरी मडगार्डही टिकवतात. शहरी ठोकरींना तोंड देण्यासाठीच ते बसवलेले होते. आपल्याकडे टपाल खात्याचे बोधचिन्ह सप्टेंबर २००८ मध्ये बदलले. त्यामुळे जुन्या गाडीवर नवे चिन्ह रंगवणे ही इतिहासाचीच चूक ठरेल. लाल रंग ठेवावा, पण पाहणाऱ्याला ही सरकारी टपालगाडीच वाटेल, अशी अक्षरे टाळावीत. अशोकस्तंभाच्या वापरावर तर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

वजनाचा हिशेबही हवा. सरासरी ४०० ग्रॅमचे एक पुस्तक धरले, तर हजार पुस्तकांचे ४०० किलो होतात. कपाटांचे लोखंड वेगळेच. जड पुस्तके खालच्या कप्प्यात, चाकांच्या मधल्या भागात ठेवावीत आणि प्रत्येक कप्प्याला पुढे अडणी द्यावी. बंद पत्र्याची पेटी विदर्भाच्या उन्हात भट्टीसारखी तापते, म्हणून छपराखाली उष्णतारोधक थर आणि दोन्ही टोकांना हवेची झडप हवी. एप्रिल-मे महिन्यांत मात्र गाडी सकाळीच बाहेर काढलेली बरी.