दम आधी वाढतो, पाय मागून येतात

पहाटे साडेपाचच्या सुमारास मलकापूरचा सर्व्हिस रोड जागा होत असतो. शेजारच्या महामार्गावरून पुणे-बंगळूरची अवजड वाहने धडधडत असतात, पश्चिमेला आगाशिवचा डोंगर अजून काळोखात असतो, आणि दुकानांची शटर उघडायला तीन-चार तास अवकाश असतो. या वेळेचा उपयोग पूर्वी फिरण्यासाठी होई. आता त्यात पळणाऱ्यांची भर पडली आहे. त्यांत तरुण आहेत, तसेच दिवसभर गादीवर किंवा काउंटरमागे बसणारे, चाळिशी ओलांडलेले व्यापारीही आहेत.

पाच किलोमीटर न थांबता पळता येऊ लागले की मनात पुढचा पल्ला डोकावतो. सातारा जिल्ह्यात तर त्याला निमित्तही जवळच आहे. २०१२ पासून साताऱ्यात भरणारी हिल हाफ मॅरेथॉन ही एकवीस किलोमीटरची शर्यत यवतेश्वरचा घाट चढून उतरते. शर्यतीला जायचे ठरते, मित्र नाव नोंदवतात, आणि मग एकच प्रश्न उरतो: पाचाचे एकवीस किती दिवसांत होतील?

एकवीस किलोमीटर म्हणजे मलकापुरातून साताऱ्याच्या दिशेने निघून उंब्रजच्या आसपास पोहोचणे. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, तेवढे पळूनही सातारा शहर थोडे दूरच राहते. गाडीने हा रस्ता रोज तुडवणाऱ्यालाही अंतराचा खरा अंदाज पायांवर घेतल्याशिवाय येत नाही.

उलाढाल आणि भांडवल

धावण्याचा सराव सुरू केला की शरीरातील सर्व भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. हृदय आणि फुफ्फुसे लवकर सुधारतात. सहा-आठ आठवड्यांत धाप कमी होते, नाडी शांत राहते, अंगात हुरूप येतो. स्नायूंना याहून थोडा अधिक काळ लागतो. स्नायू हाडांना जोडणारे स्नायुबंध आणि प्रत्यक्ष हाडे यांना मात्र नवा भार पेलण्याइतके बळकट होण्यास अनेक महिने लागतात. स्नायुबंधांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांची चाल मंद.

धोका नेमका या अंतरात आहे. दम म्हणतो, ‘आणखी पाच किलोमीटर सहज जाईल’, आणि ते खरेही असते. पाय त्या वेळी काही बोलत नाहीत. दोन आठवड्यांनी नडगी दुखू लागते, टाच सकाळी जमिनीला टेकवत नाही, गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. आळशी माणसाला या दुखापती होत नाहीत. ज्याची प्रगती उत्तम चालली आहे, त्यालाच त्या गाठतात.

व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट नवी नाही. पेढ्या केवळ मंदीतच बुडतात असे नाही. कित्येक पेढ्या ऐन भरभराटीत अडचणीत येतात. मागणी वाढते, माल उचलला जातो, उधारी पसरते, विक्रीचे आकडे दर महिन्याला चढतात. पण मूळ भांडवल तेवढेच राहते. एखादे मोठे येणे थकते आणि भरधाव पेढी जागच्या जागी थांबते. धावणाऱ्याचा दम ही त्याची उलाढाल आहे आणि त्याची हाडे व स्नायुबंध हे त्याचे भांडवल. उलाढाल भांडवलाच्या फार पुढे जाऊ द्यायची नाही, हा पेढीचा नियम पायांनाही तंतोतंत लागू पडतो.

चक्रवाढीचे गणित, आणि त्याची मर्यादा

धावण्याच्या सरावात एक जुना ठोकताळा आहे: अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. दहा टक्के म्हणजे फारच थोडे, असे नवख्याला वाटते. पण चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्याने हिशेब मांडून पाहावा. समजा, आठवड्यातील सर्वांत लांब धाव पाच किलोमीटरची आहे. ती दर वेळी दहा टक्क्यांनी वाढवली, तर चौथ्या वाढीला सात किलोमीटरच्या वर जाते, आठव्या वाढीला पावणेअकरापर्यंत, बाराव्या वाढीला साडेपंधरापलीकडे, आणि पंधराव्या वाढीला जवळजवळ एकवीस.

या पंधरा वाढींमध्ये विश्रांती गुंफायची. तीन आठवडे वाढीचे आणि चौथा आठवडा हलका, असा क्रम ठेवला तर एकूण वीस आठवडे लागतात. शेवटचा हलका आठवडा शर्यतीच्या तोंडाशी येतो, जो हवाच असतो. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर सुरुवात केली, तर ऑगस्ट-सप्टेंबरमधील साताऱ्याच्या शर्यतीपर्यंत हा क्रम बसतो आणि लग्नसराई, ताप-सर्दी किंवा मुसळधार पावसात बुडणाऱ्या दिवसांसाठीही थोडी सवड उरते.

आठवड्यात तीन किंवा चार दिवस धावणे पुरेसे आहे. त्यांतील एकच धाव लांब असावी. बाकीच्या लहान आणि सावकाश. सावकाश म्हणजे किती, याची कसोटी साधी आहे: सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एक दिवस पायांच्या व पाठीच्या बळकटीसाठी द्यावा. घाटाची शर्यत असल्याने, निम्मा काळ लोटल्यावर पंधरवड्यातून एकदा आगाशिवच्या बाजूच्या चढाची सवय करावी. चढण दम काढते, पण मांड्या आणि गुडघे थकवते ती उतरण, हे पहिल्याच दिवशी ध्यानात येते.

एकवीस साधल्यावर चक्रवाढीचे हेच गणित मोहात पाडते. दहा टक्क्यांनी आणखी आठ वाढी केल्या की कागदावर बेचाळीसचा आकडा पार होतो. व्याज असे अखंड वाढत राहते. शरीर तसे वाढत नाही. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर सामान्य धावकाला साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. तेथून पुढे पाय अचानक दगडासारखे जड होतात. म्हणूनच पूर्ण मॅरेथॉनची तयारी करणारेही सरावात सहसा तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. उरलेले अंतर शर्यतीच्या दिवसासाठीच राखून ठेवतात. अर्ध्या पल्ल्याकडून पूर्ण पल्ल्याकडे जाताना मध्ये किमान एक वर्ष जाऊ देणे शहाणपणाचे.

मलकापूरकरांना मोजून वापरण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. चोवीस तास पाणी देणारी येथील योजना नावाजली गेली, ती घरोघरी बसवलेल्या मीटरमुळे. मीटर असला की नळ उघडा राहत नाही. धावणाऱ्याने एका साध्या वहीत तारीख, अंतर, वेळ आणि ‘दुखणे’ असे चार रकाने आखले, तर तोच त्याचा मीटर. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एकाच जागेचे दुखणे लागोपाठ तीन नोंदींत आले, तर त्या आठवड्यात वाढ नाही.

साताऱ्याचे दातार, बेळगावचे चौगुले

कराड परिसरात ऑलिंपिक म्हटले की गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे १९५२ चे कांस्यपदक आठवते. परंतु त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १९२० साली अँटवर्प येथे भारताचा जो सहा जणांचा पहिला संघ गेला, त्यात साताऱ्याचे सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले हे दोन लांब पल्ल्याचे धावक होते.

या संघाचे मूळ पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतात राबणारी मुले अनवाणी पायांनी पंचवीस मैलांच्या आसपासची शर्यत पळत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी ते पाहिले. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, खाणे बेताचे, तरी ही मुले युरोपातील धावकांच्या जवळपास वेळ देतात, याचे त्यांना नवल वाटले, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे त्यांनी ऑलिंपिकचा विषय काढला.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. दातार यांना ती पूर्ण करता आली नाही. त्या शर्यतीचा विजेता, फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, शाकाहारी होता, ही बाब आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

शेतात राबून, कच्च्या रस्त्यांवर वावरून अशा मुलांच्या पायांत वर्षानुवर्षे भांडवल साचलेले असे. दम त्यांना नंतर कमवावा लागे. गादीवर बसणाऱ्या आजच्या माणसाचे उलटे आहे: चांगले बूट, घड्याळ आणि हुरूप त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून असतो, पायांतील शिल्लक मात्र शून्यातून उभी करायची असते.

आहार, व्रत आणि शर्यत

मांसाहाराशिवाय इतके अंतर झेपेल का, हा प्रश्न आता जुना झाला आहे. कोलेमाइनेनचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे. अलीकडच्या काळात शाकाहारी फौजा सिंग यांनी वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, २००० साली, लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. ज्वारी, तांदूळ, मूग, दूध, दही, खजूर, केळी आणि गूळ यांवर एकवीस किलोमीटरची तयारी उत्तम होते. कंदमुळे वर्ज्य असल्याने त्यात काही अडत नाही. ब-१२ जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणी मात्र वर्षातून एकदा करून घ्यावी.

सूर्यास्तापूर्वी भोजन केलेल्याने सकाळी पाच-सहा किलोमीटर उपाशीपोटी सावकाश पळण्यास सहसा अडचण येत नाही. लांब धावेची गोष्ट वेगळी आहे. नवकारशी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे पाणीही घेता येत नाही. दोन तासांची धाव पाण्याविना काढणे हे तप नव्हे, धोका आहे. अशा दिवशी नवकारशी पारून, थोडे खाऊन मगच निघावे, किंवा दुपार कलल्यावर सूर्यास्तापूर्वी धाव संपवावी.

साताऱ्याची शर्यत चातुर्मासात येते आणि पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या आगेमागे पडते. उपवासाच्या दिवशी धावू नये. अठ्ठम किंवा अठाईसारखी तपश्चर्या करायची असेल, तर त्या वर्षीची शर्यत मोकळ्या मनाने सोडावी. दोन्ही एकाच महिन्यात साधण्याच्या हट्टात दोन्हींची शोभा जाते. पारण्यानंतर पहिला आठवडा केवळ चालण्याचा, दुसरा निम्म्या अंतराचा, असा परतीचा क्रम ठेवावा.

नोंदणी झाली म्हणून...

चाळिशीनंतर लांब पल्ल्याचा विचार करणाऱ्याने रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदयाची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. छातीत दडपण, भोवळ किंवा अकारण धाप जाणवल्यास त्याच पावली थांबावे. अंधारात पळताना महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर जाऊ नये. सर्व्हिस रोडवरही समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, उजळ कपड्यांत पळावे.

खरी परीक्षा बहुधा शर्यतीच्या तीन आठवडे आधी होते. नडगी दुखते आहे, वहीतील चौथा रकाना भरला आहे. परंतु शुल्क भरले आहे, टी-शर्ट घरी येणार आहे, मित्रांच्या गटात नाव झाले आहे. अशा वेळी केवळ पैसे गुंतले म्हणून धावणे, म्हणजे थकलेले कर्ज वाचवण्यासाठी त्याच खात्यात नवे कर्ज देणे. नोंदणीचे शुल्क काही रुपयांचे असते; हाडाला गेलेली बारीक चीर मात्र कित्येक आठवडे पळणे बंद करते आणि दुकानाचा जिनाही चढू देत नाही.

यवतेश्वरचा घाट पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. ज्याने या वर्षी वही मिटून पाय वाचवले, तो पुढच्या पाडव्याला पाच किलोमीटरपासून नव्हे, दहापासून सुरुवात करील.